हात पोचला पाहिजे: जुन्या फिफ्थ-व्हीलच्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी २०१७ सालची, ३४ फुटी, तीन स्लाइडची (मुक्कामी भिंतीबाहेर सरकणाऱ्या खोल्यांची) फिफ्थ-व्हील. म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर ज्याची मान टेकते असा राहता ट्रेलर. ओढायला एक टनी डिझेल पिकअप. काम चालतं ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या पूर्वेला मेसाजवळ भाड्याने घेतलेल्या उघड्या जागेत, कारण आमच्या वसाहतीत दारासमोर ट्रेलर उभा करायला बंदी आहे. कामाला मी आणि नवरा. दोघेही निवृत्त. मी जन्मभर सॉफ्टवेअर तपासलं, त्याने पूल बांधले.

ज्यांना जुनी गाडी घेऊन हाताने सुधारायची आहे त्यांच्यासाठी या नोंदी आहेत. नवी घेणाऱ्यांनाही उपयोग होईल, कारण आम्ही जे जे घाम गाळून बसवतोय ते कारखान्यानेच द्यायला हवं होतं असं मला वाटतं. बनवणाऱ्याचं नाव सांगत नाही. इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनणाऱ्या बऱ्याचशा गाड्यांचे सांगाडे, ॲक्सल, खिडक्या, जॅक त्याच मोजक्या पुरवठादारांकडून येतात. माझ्या गाडीत जे निघालं ते तुमच्याही गाडीत निघू शकतं.

५ ऑक्टोबर २०२४

ऑक्टोबर उजाडला तरी पारा चाळिशीच्या वर. गाडीखाली शिरायची सोय नाही, म्हणून आधी वजन करून आलो.

महामार्गावरच्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल असतो. तीन वेगळे काटे: ट्रकचं पुढचं ॲक्सल एकावर, मागचं दुसऱ्यावर, ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर. पावती पंधरा डॉलरच्या आसपास पडली. ट्रेलर सोडून एकटा ट्रक पुन्हा काट्यावर घेतला की दुसरी पावती स्वस्तात मिळते. दोन्ही हव्यातच, नाहीतर मानेवरचं वजन निघत नाही.

जोडलेली गाडी: ४,८२०, ६,२६० आणि १०,६४० पौंड. एकूण २१,७२०. एकटा ट्रक ८,३००. म्हणजे ट्रेलर १३,४२० पौंड, त्यातले २,७८० ट्रकच्या पाठीवर. साधारण एकवीस टक्के. फिफ्थ-व्हीलला वीस ते पंचवीस टक्के योग्य धरतात, तेव्हा इथे तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. ट्रेलरची कमाल मर्यादा १४,००० पौंड. दाराजवळच्या स्टिकरवर सामानाची क्षमता लिहिलेली असते, आमची १,९८० पौंड. ३४ फुटी घराला! भांडी, कपडे, हत्यारं, पांघरुणं मिळून आम्ही १,४०० भरलेत. पिण्याच्या पाण्याची टाकी ६० गॅलनची आणि गॅलनभर पाणी ८.३४ पौंडाचं, म्हणजे टाकी भरली की आणखी ५००. वाळवंटात नळाविना राहायचं तर टाकी भरूनच निघावं लागतं. उरले ८० पौंड. सोना मसुरीच्या वीस पौंडी चार पिशव्या टाकल्या की संपलं.

आणि त्याच गाडीत कारखान्याने विजेची खोटी शेकोटी दिली आहे, ॲरिझोनात! शिवाय पाय वर करून बसायचे दोन जाडजूड सोफे. सोफे आजच काढून टाकले. जवळजवळ दीडशे पौंड कमी झाले. तिथे आता दोन साध्या खुर्च्या आहेत.

१९ ऑक्टोबर

आज पोट उघडलं. या गाड्यांच्या खालच्या बाजूला दुपदरी नालीदार प्लॅस्टिकची काळी शीट मारलेली असते. टाक्या, पाइप, वायरी, मैल्याच्या झडपा, सगळं तिच्या वर. आत जायला एकही झाकण नाही. काहीही बिघडलं की शीट उतरवायची नाहीतर फाडायची.

मैल्याच्या टाकीखाली शीटला पोट सुटलं होतं. मधोमध बोटभर भोक पाडलं, खाली बादली धरली. एक भरली, दुसरी भरली, धार चालूच. वास नव्हता हे नशीब. पाणी गोडं होतं. गळती सापडली ती निचऱ्याच्या नळाजवळच्या पेक्स (प्लॅस्टिकच्या) पाइपच्या जोडावर. कडी नीट दाबलेली नव्हती, आणि बहुधा कारखान्यातूनच तशी आली असावी, कारण कडीवर हत्याराचा ठसा एकाच बाजूला दिसत होता. नवी कडी काही सेंटची. तिच्यापर्यंत पोचायला मात्र पूर्ण शनिवार गेला. स्क्रूंची डोकी गंजलेली, ड्रिल लावलं की तिसरं-चौथं मान टाकायचं. तुटलेले स्क्रू सांगाड्यातच ठेवून शेजारी नवी भोकं पाडली.

आत आणखी काय काय होतं: लाकडाचा भुसा, मूठभर स्क्रू, प्लायवूडचा तुकडा, पाइपचं टोपण आणि भिजून लोंबलेलं इन्सुलेशन. माहितीपत्रकात पोट गरम ठेवण्याची सोय असल्याचं लिहिलंय. ती सोय म्हणजे भट्टीपासून (गाडीच्या हीटरपासून) निघालेली दोन इंची लवचीक नळी. पुढच्या टाकीपर्यंत येऊन तिचं तोंड तसंच उघडं सोडलेलं. झडपा आहेत त्याहून सहा फूट मागे. कडाक्याच्या थंडीत आधी गोठतात त्या झडपाच. नळी वाढवून तिथवर नेली. १८ डॉलर.

२६ ऑक्टोबर

शीट उतरलेलीच आहे तर टाक्यांचे सेन्सरही बदलून घेतले.

जुने सेन्सर म्हणजे टाकीच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर बसवलेले धातूचे खिळे. मैला किंवा कागद त्यांच्यात चिकटला की टाकी रिकामी असली तरी विद्युतमार्ग पूर्ण होतो आणि पॅनेल सांगतं, दोन-तृतीयांश भरली. आमचं पॅनेल गाडी घेतल्यापासून तेच सांगत होतं. लोक टाकीत बर्फाचे खडे टाकून गाडी फिरवतात, साबण ओततात. चार दिवस फरक पडतो, पुन्हा दोन-तृतीयांश.

आम्ही गार्नेट कंपनीचं सीलेव्हल बसवलं. यात टाकीला भोक नसतं. बाहेरून उभी पट्टी चिकटते आणि प्लॅस्टिकच्या भिंतीतून पातळी ओळखून टक्क्यांत दाखवते. तीन टाक्यांचा संच तीनशे डॉलरच्या आत. जुन्याच वायरी चालतात, हे सगळ्यात सुखाचं.

बसवताना दोन गोष्टी सांभाळा. भिंत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नुसत्या फडक्याने नाही, कारण साच्यातून आलेल्या प्लॅस्टिकवर मेणचट थर असतो. आणि पट्टी धातूपासून लांब ठेवा. आमच्या सांडपाण्याच्या टाकीची पट्टी आधाराच्या लोखंडी पट्ट्याला खेटून बसली होती. टाकी तुडुंब भरली तरी आकडा साठच्या पुढे सरकेना. उकरून काढली की ती फाटते, म्हणून नवी मागवली. आठवडा गेला. टाकीच्या दुसऱ्या अंगाला लावल्यावर आकडे जुळले.

टाकीत किती आहे हे खरंखरं सांगणारं पॅनेल ही काही चैनीची वस्तू नाही. नव्या गाड्यांतही अजून खिळे दिसतात तेव्हा मला राग येतो.

३ नोव्हेंबर

शीट परत लावायच्या आधी तिला दारं केली. या साऱ्या प्रकल्पातलं सगळ्यात कामाचं काम हेच, म्हणून नीट लिहिते.

मैल्याच्या आणि सांडपाण्याच्या झडपांखाली १४ बाय १८ इंचांचा चौकोन कापला. कडेने आतून ॲल्युमिनियमची चपटी पट्टी दिली आणि तिच्यात रिव्हेट-नट (पट्टीतच रिव्हेटसारखे पक्के बसणारे नट) बसवले. म्हणजे बाहेरून मशीन स्क्रू कितीही वेळा काढा-घाला, आटे जात नाहीत. झाकणाला एक अष्टमांश इंच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, कडेला फोमची पट्टी. प्लॅस्टिकमध्ये थेट स्क्रू मारलात तर दुसऱ्या खेपेला भोक मोठं होतं, तिसऱ्या खेपेला झाकण महामार्गावर पडतं.

चौकोन कुठे कापायचा याची गंमत अशी: झडप नेमकी समोर दिसली म्हणजे भागलं असं नाही. पान्हा फिरवायला बाजूला जागा लागते. नवरा खाली उताणा झोपून पान्हा हातात धरून फिरवत होता, आणि जिथवर कोपर जात होतं तिथवर मी खडूने रेघ मारत होते. चौकोन झडपेच्या डावीकडे चांगला पाच इंच सरकला.

तीन दारं झाली: झडपा, निचऱ्याचे नळ, पाण्याचा पंप. सामानाचा खर्च १४० डॉलर. कारखान्यात हेच काम साच्यातल्या झाकणांनी किती स्वस्तात होईल, हिशोब तुम्हीच करा.

१६ नोव्हेंबर

पाटे आणि शॅकल, म्हणजे पाट्यांना धरणाऱ्या हलत्या जोडपट्ट्या. थंडी पडली, आता गाडीखाली माणसासारखं झोपता येतं.

गाडी उचलताना जॅक सांगाड्याखाली लावा, ॲक्सलखाली नाही. ॲक्सलची नळी पोकळ असते, वाकते.

शॅकलचे बोल्ट काढले. आत नायलॉनचे बुश (बोल्टभोवतीची छोटी नळकांडी) असतात, म्हणजे असायला हवेत. आमच्या चारांत बुशच्या जागी पांढरा चुरा होता आणि बोल्ट थेट लोखंडावर घासत होता. दोन पट्ट्यांची भोकं लंबगोल झालेली. गंमत म्हणजे हे सगळं बाहेरून ठाकठीक दिसत होतं.

बदली म्हणून पितळी बुश, जाड शॅकल पट्ट्या आणि ग्रीस भरता येईल असे बोल्ट घेतले. सोबत दोन ॲक्सलमध्ये भार वाटणारा, रबर असलेला मधला इक्वलायझरही. सगळं मिळून ३४० डॉलर. बोल्ट ठोकताना ग्रीसचं भोक तीन किंवा नऊ वाजताच्या दिशेला ठेवा. वर किंवा खाली आलं तर सगळा भार तिथेच पडतो आणि ग्रीस आत शिरत नाही. निप्पल बाहेरच्या बाजूला घ्या. आतल्या बाजूला घेतलंत तर दर वेळी गाडीखाली शिरावं लागेल आणि मग तुम्ही ग्रीस भरणार नाही, एवढं माणसाच्या स्वभावाबद्दल मला कळतं. नट फार आवळू नका, शॅकल हलता राहिला पाहिजे.

एका बाजूला दिवस लागला. दुसऱ्या बाजूला अर्धा.

३० नोव्हेंबर

ब्रेक. ड्रम उघडले तर मागच्या डाव्या चाकात ग्रीस ब्रेकच्या पट्ट्यांवर आलेलं. हबमध्ये पंपाने ग्रीस भरायची सोय असते. आधीच्या मालकाने जोरात भरलं असणार, आतलं सील फाटलं. म्हणजे आम्ही इतके दिवस तीन चाकांच्या ब्रेकवर चाललो होतो.

इथे आम्ही हात आखडता घेतला नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि ते चालवणारा इलेक्ट्रिक-हायड्रॉलिक पंप. सुटे भाग २,३०० डॉलर, ब्रेकची तेलवाहिनी टाकायचं काम बाहेरून करून घेतलं, ७०० डॉलर. पहिल्याच उतारावर फरक कळला. आधी ट्रेलर मागून ढकलत असायचा, आता तो स्वतः थांबतो.

हवेच्या ब्रेकच्या मालवाहू ट्रेलरना अमेरिकेत मार्च १९९८ पासून एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीची आहे. चौदा हजार पौंडांच्या राहत्या ट्रेलरला अजून नाही. काही नव्या गाड्यांत ती येऊ लागली आहे. घेताना शेकोटीच्या आधी हे विचारा.

१४ डिसेंबर

वीज. जुन्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून १०० अँपिअर-तासांच्या चार लिथियम आयर्न फॉस्फेट बसवल्या. १२.८ व्होल्टने ५.१ किलोवॅट-तास. छतावर २०० वॅटचे चार सोलर पॅनेल, ३,००० वॅटचा इन्व्हर्टर. सगळ्याचा खर्च ३,१०० डॉलर, त्यातले बरेच तांब्यात गेले. बारा व्होल्टवर तीन हजार वॅट म्हणजे अडीचशे अँपिअरहून जास्त. मनगट दुखवणाऱ्या फोर-ऑट मापाच्या जाडजूड केबल आणि बॅटरीला अगदी लागून क्लास टी फ्यूज. लिथियमची शॉर्ट-सर्किटची ताकद साध्या फ्यूजला झेपत नाही, तिथे काटकसर करू नका. जुना चार्जरही बदलावा लागतो, तो लिथियमला पुरेसा भरत नाही.

बॅटऱ्या बाहेर उघड्यावर न ठेवता पुढच्या तळघरात (सामानाच्या बंद कप्प्यात) ठेवल्या, कारण शून्य अंशाखाली ही बॅटरी भरायची नसते आणि फ्लॅगस्टाफला रात्री तेवढं होतं.

काम आठवड्यात व्हायला हवं होतं, लांबलं ते वायरींमुळे. १२ व्होल्टच्या बाजूला काळी वायर धन आणि पांढरी ऋण. त्याच भिंतीत १२० व्होल्टच्या बाजूला काळी जिवंत आणि पांढरी न्यूट्रल. रंग तेच! फ्यूजच्या पेटीवर तीन ठिकाणी नुसतं 'मेन' लिहिलेलं. आराखडा मागितला तर निर्मात्याकडून उत्तर आलं की या मॉडेलचा आराखडा उपलब्ध नाही. वीस हजारांच्या मोटारीचा मिळतो, याचा नाही.

शेवटी टोन सोडणारं यंत्र आणून एकेक वायर शोधली. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला मी कान लावून.

"अगं, ही वाजतेय का?"

"नाही. ती माळ्यावरची वाजतेय."

"मग माझ्या हातात कुठली आहे?"

अशी संध्याकाळ. जी सापडली तिला दोन्ही टोकांना लेबल. लेबलं मी मराठीत छापली: मोरीचा पंखा, ओट्यावरचा दिवा, माळा डावा. नवरा म्हणाला, पुढचा मालक काय वाचणार? म्हटलं, आधीच्या मालकाने माझ्यासाठी काय लिहून ठेवलं होतं? पण मग आराखड्याची इंग्रजी प्रत काढून फ्यूजच्या दाराला आतून चिकटवली.

२९ डिसेंबर

स्वयंपाकघराची स्लाइड अर्धवट बाहेर येऊन अडकली, तिरकी. फ्रिज, शेगडी, ओटा सगळं तिच्यावर, म्हणजे सगळ्यात जड स्लाइड. दोन्ही अंगांना भिंतीतच एकेक छोटी मोटर, दोघी एका लयीत चालल्या पाहिजेत. एक मागे पडली की खोली तिरकी होते. बटण दाबून ताल जुळवायची पद्धत आहे, ती केली, दोनदा चालली, मग एक मोटर गेलीच.

मोटर बसते भिंतीच्या वरच्या टोकाला, रबरी सीलच्या आड. सील उचकटायचं, मोटर वर उचलून गिअरपासून सोडवायची आणि मग खोली ढकलायची. शेजारच्या जागेतला वेल्डर आणि त्याचा मुलगा धावून आले म्हणून चौघांनी आत ढकलली. तसं नसतं तर साडेआठ फुटांहून रुंद गाडी रस्त्यावर काढताच आली नसती. मोटर १९० डॉलर, इंडियानातून यायला नाताळच्या सुट्ट्यांमुळे दोन आठवडे.

हाताने फिरवायचा दांडा बाहेरून लागेल अशी सोय दुसऱ्या जातीच्या काही स्लाइडना असते. आमच्या जातीला नाही. पुढची गाडी घेतली तर यावर अडून बसणार.

१८ जानेवारी २०२५, क्वार्ट्झसाइट

मोटर बसली, चाचणीला वाळवंटात आलो. सरकारी जमीन, ला पोसा. गाडीच्या जागेवर पाणी, वीज, गटाराची जोडणी नाही. त्या वर्षी १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हंगामभराचा परवाना १८० डॉलर होता, चौदा दिवसांचा ४०. जानेवारीत इथे आरव्हीचं (राहत्या गाड्यांचं) मोठं प्रदर्शन भरतं, त्यामुळे क्षितिजापर्यंत गाड्याच गाड्या.

वीज पुरली. डिसेंबर-जानेवारीचा सूर्य खाली असतो आणि आडवे पॅनेल कमी देतात, तरी दुपारपर्यंत बॅटऱ्या भरत होत्या. मिक्सर, इन्स्टंट पॉट, लॅपटॉप, रात्री भट्टीचा पंखा, सगळं चाललं. संपलं ते पाणी. सांडपाण्याची टाकी त्याच्याही आधी भरली, पण निदान कधी भरतेय ते आता कळत होतं.

संध्याकाळी ज्याच्या त्याच्या शेकोटीशी मी एकच प्रश्न विचारत हिंडले: पुढच्या फिफ्थ-व्हीलमध्ये काय हवं? अल्बर्टाहून दर हिवाळ्यात येणाऱ्या आजोबांनी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. "स्लाइड बंद असताना संडासापर्यंत जाता आलं पाहिजे." आणि फ्रिजपर्यंत. वाटेत थांबून डबा काढायचा तर भर रस्त्यात खोल्या बाहेर काढायच्या का? हे उत्तर इतक्यांकडून आलं की मी मोजणं सोडलं. खरंच, नकाशा बघताना कोणी बंद गाडीचा बघत नाही. घेताना स्लाइड आत घ्यायला सांगा आणि आत शिरून बघा.

त्याखालोखाल जड ॲक्सल आणि सामानाची खरी क्षमता. मग उघडणाऱ्या खिडक्या, समोरासमोर, वारा खेळेल अशा. मग रात्री झोपेत डोळ्यांवर येणारे निळे दिवे, प्रत्येक उपकरणाचा एकेक. एका बाईंनी तर सगळ्यांवर काळी चिकटपट्टी लावली होती.

टचस्क्रीनवर मात्र दोन तट. तरुणांना सगळं फोनवर हवं. ज्यांचा पडदा एकदा बंद पडून दिवे, जॅक, स्लाइड सगळंच अडलं होतं, ते साध्या बटणाची भीक मागत होते. मी दुसऱ्या तटात. जन्मभर सॉफ्टवेअर तपासलंय, म्हणूनच.

विजेवरची पिकअप घेऊन आलेला एक मुलगा भेटला. छोटा ट्रेलर होता, तरी ओढताना पल्ला निम्म्यावर येतो म्हणाला. त्याला हवी स्वतःची मोटर आणि मोठी बॅटरी असलेली ट्रेलर-गाडी, जी ट्रकला मागून हातभार लावेल. साध्या ट्रेलरमध्ये लाइटशिपसारख्या कंपन्या हे करू पाहत आहेत. फिफ्थ-व्हीलला आलं तर मी स्वागत करीन. पण ज्यांना मैल्याच्या झडपेला झाकण द्यायचं सुचत नाही त्यांनी बनवलेली ॲक्सलमधली मोटर दुरुस्त कोण करणार, हे आधी सांगा.

२० जानेवारी, तिथेच

स्वयंपाकघराबद्दल वेगळी नोंद, कारण कारखान्यात पोळ्या कोणी लाटत नाही.

तीन बर्नरची शेगडी, पण बर्नर इतके जवळ की तवा ठेवला की कढई बसत नाही. कुकर मागे ठेवला तर शिट्टी थेट माइक्रोवेव्हच्या बुडावर. आणि फोडणी. पहिल्या दिवशी मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म. पंखा चालू होता, पण बाहेरच्या भिंतीवर त्याची झडप असते, प्रवासात फडफडू नये म्हणून खिट्टीने बंद करतात. ती बाहेरून, जमिनीवरून हात उंचावून उघडायची. कोणाला आठवणार? खिट्टी काढून टाकली, आतल्या बाजूने दोरीने ओढता येईल अशी फिरकी लावली. सहा डॉलर. शेगडी मात्र बदलायची आहे. दोन बर्नर, लांब लांब, एवढंच हवंय.

२२ फेब्रुवारी

मेसातल्या एका विक्रेत्याकडे नव्या गाड्या बघायला गेलो. घ्यायच्या नाहीत, बघायला. टॉर्च, मोजपट्टी आणि अंथरायला जुनी सतरंजी घेऊन.

विक्रेता मोठा हौशी. मसाज करणारे सोफे दाखवले, छतापासून उतरणारा टीव्ही दाखवला. मी विचारलं, मैल्याच्या झडपा कुठे आहेत? तो दांडा दाखवायला लागला. दांडा नको, झडप. त्याने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ म्हणाले, खाली असणार. मी सतरंजी अंथरून खाली गेले. अखंड काळी शीट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ४१ फुटी गाडी, स्टिकरवर सामानाची क्षमता आमच्यापेक्षाही कमी.

ओळीतल्या शेवटच्या गाडीला मात्र खाली दोन झाकणं होती, पेटीत पाण्याच्या सगळ्या झडपांना नावं होती आणि शॅकलला ग्रीसचे निप्पल बाहेरच्या अंगाला. ॲक्सल सात हजारांची. तिच्यात शेकोटी होतीच, पण असू दे. विक्रेत्याला या गोष्टी ठाऊक नव्हत्या. मी दाखवल्यावर त्याने फोनवर फोटो काढून घेतले.

९ मार्च

मैल्याच्या झडपेचा दांडा जड झाला होता, आज निम्म्यात अडकला. केबल आतून गंजलेली. ही जुनी गाडी आम्ही घेतली तेव्हा याच कामासाठी दुकानाने शीट उतरवण्यासकट सहा तासांची मजुरी सांगितली होती.

टाकी आधी धुवून रिकामी केली, हातमोजे, खाली ताडपत्री. नोव्हेंबरात केलेल्या दाराचे आठ स्क्रू काढले. झडपेचे चार बोल्ट, नवी झडप, नवी सीलं, केबलऐवजी १२ व्होल्टची छोटी मोटर, कारण केबल पुन्हा गंजणारच. मोटर अडली तर हाताने उघडायचा खटका तिच्यावरच आहे, आणि तो दारातून हाताला लागतो. तपासायला दोन बादल्या पाणी सोडलं. थेंब नाही. चहाच्या वेळेच्या आत संपलं. १०५ डॉलर.

झाकण लावताना फोमची पट्टी एका कोपऱ्यात दबलेली दिसली, ती बदलली. तिथे निओप्रीन वापरा, साधा फोम चार महिन्यांत बसतो.

पुढचं काम मागच्या टाकीखाली असंच दार. पत्रा आणलाय, रिव्हेट-नट संपलेत. वेल्डर म्हणतो त्याच्या गाडीलाही करून द्या.